जहाजाचं नाव घेतलं की...

ही घटना खरी आहे. जिच्यासोबत घडली ती गीतांजली अमरावतीला राजापेठेत राहते. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. उगाच काहीबाही सांगणाऱ्यांतली ती नाही.

जहाजाचं नाव इथे मुद्दाम लिहिलेलं नाही.

मागच्या वर्षीचा नोव्हेंबर. तारीख चौदा. अकोल्यापासून बारा-तेरा किलोमीटरवरचं एक खेडं.

रात्र नव्हती... दुपारचे दोन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं.

आधी थोडं मागचं सांगायला हवं. त्याच्या सोळा वर्षं आधी गीतांजलीचा मोठा भाऊ योगेश मालवाहू जहाजावर इंजिनखोलीत कामाला होता. भाजी विकणाऱ्या शेषरावांचा मुलगा समुद्रावर गेला, याचंच गल्लीला केवढं अप्रूप. त्याच जहाजावर अकोल्याकडचा विपुल स्वयंपाकघरात होता. दोघं वऱ्हाडी, म्हणून घट्ट दोस्ती.

चौदा नोव्हेंबरच्या संध्याकाळी ते जहाज बंगालच्या उपसागरात नाहीसं झालं.

एकवीस माणसांसह.

वादळ नव्हतं. शेवटचा निरोप आला होता, 'सगळं ठीक आहे.' त्यानंतर काहीच नाही. तेलाचा तवंग नाही, फळी नाही, एक लाइफ जॅकेटसुद्धा नाही.

पहिलं वर्षभर सगळे बोलत होते. टीव्हीवाले राजापेठेत आले. कुणी म्हणे, कोळ्यांना धुक्यात त्या जहाजाचे दिवे दिसतात. कुणी म्हणे, भोंगा ऐकू येतो. योगेशचा फोन अकरा दिवस नुसता वाजत होता, ही गोष्ट मात्र अफवा नव्हती. तो फोन गीतांजलीच लावत होती.

मग हळूहळू सगळं थांबलं.

गीतांजली थांबली नाही. दरवर्षी चौदा नोव्हेंबरला ती सगळी हकीकत मोबाइलवर लिहायची. सुरुवातीला हजारो लोक वाचायचे. नंतर शंभर. गेल्या खेपेला नऊ जणांनी वाचलं आणि त्यातल्या एकाने खाली लिहिलं, 'फेक.' ती रागाने रडली होती. कुठल्या कुठल्या देशांतली शंभर वर्षांपूर्वीची जहाजं लोकांना पाठ असतात, आणि आपल्या गल्लीतला पोरगा कुणाला आठवत नाही?

इतर घरांनाही ती फोन करायची. कुणाचा नंबर बदललेला. कुणी नाव ऐकताच फोन ठेवायचं. एका बाईने 'राँग नंबर' म्हणून ठेवून दिला... आणि तो आवाज गीतांजलीच्या चांगल्या ओळखीचा होता.

घरीही तेच. आई माणिकबाई वारली तेव्हापासून शेषराव योगेशचं नाव निघालं की उठून बाहेर जायचे. "दगड आहात तुमी," ती एकदा बापाला म्हणाली होती.

उरलं होतं एकच घर. विपुलचं.

दरवर्षी त्या तारखेला ती बडनेऱ्याहून गाडी पकडून अकोल्याला उतरायची आणि ऑटोने त्या खेड्यात जायची. विपुलचे वडील भगवंतराव, आई गोदाबाई आणि बहीण आचल तिची वाट पाहत असायचे. ती पहिल्यापासून सगळं सांगायची. ते मान खाली घालून ऐकायचे.

या वेळी दार लोटलेलं होतं.

आत गेली. बसली. आचलने पाणी दिलं.

आणि तिची नजर भिंतीवर गेली...

विपुलचा फोटो नव्हता.

"काका, फोटो कुठं गेला?"

"कोनता फोटो?" भगवंतराव म्हणाले.

"विपुलचा."

"आमाले एकच पोरगी हाये. आचल."

तिला वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं चालत नसेल. तिने गोदाबाईंकडे पाहिलं. त्या लुगड्याचा पदर बोटाला गुंडाळत बसल्या होत्या.

"मावशी, तुमी तरी बोला."

"काय बोलू माय. जेऊन घे अन् जाय. पाचची गाडी भेटते तुले."

गीतांजलीच्या डोक्याची शीर उडायला लागली. सोळा वर्षं. सोळा वर्षं ती एकटी हे ओढत होती. आता यांनीही हात झटकले?

"ठीक आहे," ती म्हणाली. "तुमाले आठवत नाई ना? मी आठवन करून देते."

"ताई, नका," आचल म्हणाली.

ती ऐकायला तयार नव्हती. तिने मोठ्याने सुरुवात केली. तारीख सांगितली. बंदर सांगितलं. जहाजाचं नाव घेतलं.

टप्...

घरात कुठेतरी थेंब पडला.

तिने लक्ष दिलं नाही. एकेकाचं नाव घेत गेली. कप्तान. दोन खलाशी. विपुल.

टप्... टप्...

हवा गार झाली. भर दुपारी. आणि वास आला... डिझेलचा, आणि ओल्या दोरखंडाचा.

भगवंतराव उठून बाहेर निघून गेले. शेषराव जायचे, अगदी तसेच.

"अन् योगेश," ती म्हणाली.

आचल तिच्याकडे बघत नव्हती. ती गीतांजलीच्या खांद्यावरून मागे बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

गोदाबाई झटकन उठल्या आणि त्यांनी गीतांजलीच्या तोंडावर हात ठेवला.

"बस कर, माय. पोट्टे थंडीनं कापून राहिले."

घर एकदम चिडीचूप झालं. थेंबाचा आवाज थांबला.

गोदाबाईंनी हात काढला नाही. तसंच, हळू आवाजात त्या बोलत राहिल्या.

"आमी नाव घेतलं का येते थो. पह्यल्या सालापासून. वला चिंब. बोलत नाई काई, नुसता थंडीनं कापते. मले आधी बरं वाटे. दिसते तरी, म्हनो. मी रोज त्याची गोठ सांगत बसो. मंग एक दिवस त्याचे पाय पाह्यले. सोलून निघाले होते, गीता. कुठून चालत येत असन? किती दुरून? तवापासून आमी नाव नाई घेत. येत नाई मंग थो. पन तू दर साली येतं..."

तिने तो हात बाजूला केला. "अन् योगेश?" तिने फक्त ओठ हलवून विचारलं.

"तुह्या मांगं उभा राह्यते. तू बोलत असतं तवर. हात जोडून."

गीतांजली गर्रकन वळली.

मागे कुणी नव्हतं.

फरशीवर पाणी होतं. दोन पावलांएवढं. तिने बोट बुडवून जिभेला लावलं... खारट.

"आमच्या इकडलं पानी खारंच हाये," दारातून भगवंतराव म्हणाले. ते खरंही आहे. त्या सगळ्या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारं लागतं.

आचल फडकं घेऊन आली आणि काही न बोलता फरशी पुसायला लागली. दरवर्षीची सवय असावी, तशी.

परतीच्या गाडीत गीतांजलीला भीती वाटत नव्हती. संताप येत होता. हजार वेळा आपण त्याची गोष्ट सांगितली. तो हजार वेळा आला? मग मला का दिसला नाही? परक्या घराला दिसतो, सख्ख्या बहिणीला नाही?

घरी पोचली तेव्हा शेषराव अंगणातल्या दिव्याखाली सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. ती त्यांच्यासमोर उभी राहिली.

"बाबा, तुमाले दिसते का थो?"

शेषरावांनी पुढची जुडी बांधायला घेतली.

"बाबा, मी इचारून राहिली. योगेश..."

त्यांचे हात थांबले. त्यांनी मान वर केली. तिच्याकडे नाही... तिच्या मागे पाहिलं. बराच वेळ.

मग त्यांनी जुड्यांचं पोतं हळूच स्वतःकडे ओढून घेतलं.

"सांबार वला होईन," ते म्हणाले.

गीतांजली वळली नाही. का वळली नाही, ते तिला आजही सांगता येत नाही. मानेवर गार वारा लागत होता, एवढंच तिला आठवतं.

"सोळा वर्षं मी त्याला जपत होते की चालायला लावत होते?" हे सगळं सांगताना तिने मलाच विचारलं.

यंदा चौदा नोव्हेंबरला तिने काही लिहिलं नाही. अकोल्यालाही गेली नाही. त्या दिवशी त्या जहाजाबद्दल कुठेही, कुणीही, एक ओळसुद्धा लिहिली नाही. तिने सकाळपासून शोधलं.

आता घरात त्याचं नाव निघत नाही. शेषराव उठून बाहेर जात नाहीत. दोघं समोरासमोर बसून जेवतात.

पण मधूनच तिचा घास हातात राहतो...

तो निजला असेल की हाक ऐकायला कान लावून बसला असेल, हे तिला कळत नाही. आणि कळून घ्यायचं, तर नाव घ्यावं लागेल.