डब्यातली माणसं

भुतांना अंधारच लागतो असं ज्याला वाटतं, त्याने या शिंपिणीला विचारावं. तिचं सगळं भर दुपारी सुरू झालं.

मास्तरांना परगावी जायचं होतं आणि कोटाचं बटण गळालं होतं. गाडी चुकेल म्हणून ते दारातच ताटकळत उभे. दुकानात तसं तपकिरी बटण सापडेना. सापडलं ते आईच्या पत्र्याच्या डब्यात. घाईघाईत तिने ते लावून दिलं, आणि मास्तर कोपऱ्यावरून वळल्यावर तिला घाम फुटला.

घरातलं माणूस गेलं की कपडे देऊन टाकण्याआधी आई त्याचं वरचं बटण कापून त्या डब्यात ठेवी. हे काकाचं, शिट्टी वाजवत जिना चढायचा. हे आत्याचं, हसायला लागली की आवरायची नाही. डब्यात गेलेलं बाहेर काढायचं नाही, हा आईचा दंडक. आई स्वतः पक्की शिंपीण, पण हाताशी कात्री असली तरी दोरा दातानेच तोडायची. लेक त्यावरून तिला चिडवायची. महिन्यापूर्वी आई गेली, तेव्हा तिच्या पोलक्याचं शिंपल्याचं पांढरं बटण लेकीनेच डब्यात टाकलं. आणि आज तिने बाबांचं बटण परक्याच्या कोटाला लावून दिलं होतं.

संध्याकाळी डबा खुळखुळला. मांजर असेल म्हणून ती उठली. मांजर नव्हतं. आत एक पिवळं बटण होतं... तिच्या लेकीच्या, चिमणीच्या, खुंटीवरल्या फ्रॉकचं. सगळ्यात वरचं.

दिवेलागणीला चिमणी तापली. डॉक्टर औषध देऊन गेले. शिंपिणीने बटण परत लावलं. सकाळी ते पुन्हा डब्यात. दुहेरी दोऱ्याने लावलं. दुपारी पुन्हा डब्यात. तापात चिमणी पुटपुटली, "आजोबांच्या गळ्याशी गार लागतंय... मला जवळ बोलावतायत."

पोरीच्या जिवावर बेतल्यावर भ्यायला फुरसत कुणाला? शिंपिणीने चौपदरी दोरा ओवला, त्याला मेण लावलं, बटण घट्ट बसवलं. डब्याच्या झाकणावर लोखंडी इस्त्री ठेवली आणि समोर बैठक मारली.

"बाबा, चूक माझी," ती हळू आवाजात म्हणाली. "मास्तर परतले की तुमचं बटण उसवून आणते. तोवर गारठा सोसा. पण जित्या माणसाचं बटण या डब्यात पडणार नाही. तुम्ही माझे बाप असाल, तर मी तिची आई आहे."

आतून टकटक झालं. थांबलं... पुन्हा झालं. इस्त्री थरथरायला लागली. तिने दोन्ही हातांनी ती दाबून धरली.

"नाही म्हटलं ना, बाबा."

बऱ्याच वेळाने सगळं शांत झालं.

सकाळी चिमणीला दरदरून घाम आला, ताप उतरला, आणि ती खायला मागू लागली. इस्त्री जागची हलली नव्हती. शिंपिणीने खुंटीवरचा फ्रॉक उजेडात धरला. पिवळं बटण जागच्या जागी होतं. त्याच्या वर, अगदी गळ्यापाशी, जिथे तिने बटण कधी ठेवलंच नव्हतं, तिथे शिंपल्याचं एक पांढरं बटण लावलेलं होतं.

तिने दोऱ्याचं टोक बोटाने चाचपलं. ते अजून ओलं होतं.