काचेतला हात

तो आला तो नेमका चुकीच्या दारानं.

अन्न तपासणीच्या त्या प्रयोगशाळेला दोन दारं होती. पुढच्या दारानं लोक दूध, अंडी, मांस, मध असे नमुने घेऊन येत आणि पावती घेऊन जात. मागच्या दारानं फक्त मेलेले जंतू बाहेर पडत. काम झालेल्या काचेच्या बशा आधी वाफेच्या भल्यामोठ्या कुकरमध्ये उकळायच्या, मग आतला गाळ बादल्यांत भरून त्या दारानं न्यायचा. त्या दारावर बाहेरून कधीच कुणी टकटक करत नसे. म्हणून त्या धुक्यानं भरलेल्या दुपारी टकटक झाली, तेव्हा दक्षताच्या हातून बादली निसटायचीच बाकी होती.

दक्षता हे तिचं खरं नाव नव्हे. दिवसभर इतके हात धुवायची, की सहकाऱ्यांनीच ते ठेवलं आणि पुढं तिची आईसुद्धा त्याच नावानं हाका मारायला लागली!

तिनं दार उघडलं. बाहेर धुकं... आणि धुक्यात छातीशी अंड्यांचा ट्रे धरलेला एक तरुण. हलत नव्हता, बोलत नव्हता. केसांवर दवाचे थेंब होते आणि डोळे — डोळे मात्र चांगलेच जागे होते.

"हे मेलेल्यांचं दार आहे," ती म्हणाली. "जिवंत माणसांनी पुढून यायचं."

"मग बरोबरच आलो," तो म्हणाला. "माझ्या अंड्यांना गिऱ्हाइकानं मारूनच टाकलंय. औषधाचा अंश सापडला म्हणे. सगळा माल परत आला. तुम्ही पुन्हा तपासा, आणि जमलं तर जिवंत करा."

हसू नको असं स्वतःला बजावूनही ती हसली. इथूनच सगळं बिघडलं — की जुळलं, ते तुम्हीच ठरवा.

तो पोल्ट्रीवाल्यांचा मुलगा. गावाबाहेर त्यांच्या लांबच लांब शेड. ट्रे टेबलावर ठेवून तो प्रयोगशाळेत मान वळवून वळवून बघत राहिला आणि कोपऱ्यातल्या उबदार कपाटापाशी येऊन थबकला. त्याच्या काचेतून तांबूस उजेड झिरपत होता.

"असलं मशीन आमच्याकडे पण आहे. उबवणीचं. आमच्यातून पिल्लं निघतात. तुमच्यातून?"

"पुरावे."

"बापरे! बघू?"

तिनं कपाट उघडलं, आणि तो चक्क एक पाऊल मागे सरला. आत काचेच्या मोठ्या बशा उभ्या होत्या आणि प्रत्येक बशीत एकेक हात. पाची बोटं पसरलेले, पिवळट-पांढरे हात... जणू काचेपलीकडून कुणी बाहेर यायला धडपडतंय.

त्या प्रयोगशाळेची ही जुनी खोड होती. नवीन माणूस आला, की त्याचा तळवा बशीतल्या गोठलेल्या खळीसारख्या थरावर दाबून घ्यायचा आणि बशी उबेत ठेवून द्यायची. हातावरचे जंतू रातोरात वाढत आणि सकाळी त्यांचाच एक हात तयार असे. तो एकदा बघितला, की माणसाला हात धुवायला पुन्हा सांगावं लागत नसे.

"चला, तुमचाही द्या."

"नको हो. हात दाखवून अवलक्षण!"

"घाबरलात?"

हा प्रश्न विचारल्यावर कोणता पुरुष हात मागे घेतो? त्यानं बाही सारली. अंगठ्याच्या मुळाशी एक लालसर ओरखडा होता, कडेनं जरा सुजलेला.

"हे काय?"

"कोंबडीचं प्रेम. नखानं व्यक्त करतात त्या."

"गोळ्या घेताय?"

"घेतोय की, शेडमधल्याच. माणसांना चालतात त्या, काळजी नको."

खरं म्हणजे तिनं तिथंच थांबायला हवं होतं. जखम असलेला हात बशीवर घ्यायचा नाही, हा नियम तीच इतरांना शिकवत असे. पण तो तिच्याकडे बघत होता... म्हणजे असा, की घड्याळ, नियम, पुढचा नमुना — काही काही आठवू नये. तिनं त्याचं मनगट धरलं आणि तळवा अलगद दाबला. तिच्या हातात रबरी हातमोजा होता. तरी मोज्यातून त्याची ऊब तिला लागली, जरा जास्तच ऊब... पण तेव्हा तिला ती गोडच वाटली.

मग तिला खेळ सुचला. औषधात भिजवलेले टिकलीएवढे गोल कागद तिच्याजवळ असत. असा कागद जंतूंवर ठेवला आणि औषध लागू असलं, की त्याच्याभोवती काही उगवत नाही, स्वच्छ गोल कडं पडतं. तिनं बशीतल्या पाची बोटांवर वेगवेगळ्या औषधाचा एकेक कागद ठेवला.

"उद्या या. पाची बोटांत अंगठ्या घातलेल्या दिसतील."

"मुलीनं मुलाला अंगठी घालायची? तीही पाच-पाच?" तो दारातून वळून म्हणाला. "येतो मग. नक्की येतो."

आणि या वेळी तो पुढच्या दारानं गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती केस नीट विंचरून आली, हे तिच्या सहकाऱ्यांच्या नजरेतून सुटलं नाही. गुणगुणत तिनं कपाट उघडलं.

आतून एक ओलसर, आंबूस वास आला. त्याची बशी सगळ्यात पुढं होती. हात पूर्ण उगवला होता... पूर्ण म्हणजे किती! इतरांचे हात ठिपक्याठिपक्यांचे असत. हा दाट होता, मांसल, तळव्यावरच्या रेषांसकट. बोटं बशीच्या कडेपर्यंत पोचली होती. आणि अंगठ्या? चार बोटांवर नव्हत्याच. जंतू कागदाला भिडले होते, कागदावर चढले होते. फक्त करंगळीवर एक स्वच्छ कडं होतं. अंगठ्याच्या मुळाशी, जिथं तो ओरखडा होता, तिथं थर सगळ्यात जाड आणि चकचकीत होता.

तिनं बशी उजेडात धरून पुन्हा पाहिली. या चार कागदांतलं औषध लागत नाही, म्हणजे त्याच जातीच्या त्याच्या शेडमधल्या गोळ्याही लागत नसणार. जखम वाढत असणार आणि त्याला वाटत असणार, उपचार चालू आहेत.

कपाटाचं दार लावताना तिला उगाचच वाटलं, की तो हात थोडा हलला.

"असा भाबडेपणा करायचा नाही," तिनं स्वतःला दटावलं. तळव्याचा ठसा ही काही चाचणी नव्हे, त्यात दहा प्रकारचे जंतू मिसळलेले असतात. तिनं जखमेच्या जागचा कण उचलला, नव्या बशीत एकटाच पसरला आणि रीतसर चाचणी लावली. मग त्याची वाट बघत बसली.

तो आला नाही.

संध्याकाळी तिनं अंड्यांच्या पावतीवरच्या नंबरावर फोन केला. "अंगठ्या तयार झाल्या का?" त्याचा आवाज कोरडा होता. "जरा कणकण आहे. गोळ्या वाढवल्यात. उद्या येतो ना..."

"गोळ्यांवर राहू नका. आत्ताच्या आत्ता डॉक्टरकडे जा. ऐकताय ना?"

"तुम्ही रागावता तेव्हा छान वाटतं," तो म्हणाला आणि मग बराच वेळ नुसता श्वासच ऐकू येत राहिला.

दुसऱ्या दिवशी नव्या बशीनं तेच सांगितलं. सगळी नेहमीची औषधं फुकट, एकच लागू. ते औषध इस्पितळं अगदी गरज पडली तरच बाहेर काढतात. आणि त्याच्या अंड्यांत सापडलेला अंश होता नेमका त्या फुकट गेलेल्या औषधांतलाच. त्याचा फोन आता नुसता वाजत होता. तिनं बशीचे फोटो काढले, हात धुतले आणि टॅक्सी केली.

शेड धुक्यातून एकदम समोर आली, शेवट न दिसणारी. आतला कलकलाट रस्त्यापर्यंत येत होता. तिनं दारात पाऊल टाकलं... आणि सगळा आवाज थांबला. हजारो माना एकदम वळल्या. पिसं, दाणे, पंखे, काही म्हणजे काहीही वाजेना. भिंतीच्या कडेला मेलेल्या कोंबड्यांची एक रांग होती, सगळ्यांचे पाय एकाच दिशेला. त्यापलीकडे पाण्याच्या टाकीवर वाकून एक म्हातारा माणूस पुडी फोडून पांढरी पूड ओतत होता.

"काका, हे काय ओतताय?"

"औषध." तो त्याचा बाप. डोळे खोल गेलेले, आवाज मात्र मऊ होता. "रोज देतो. आजारी पडूच नयेत म्हणून. आता दुप्पट केलं तरी मरतायत बघ. कळत नाही, काय लागलंय."

"तुमचा मुलगा कुठं आहे?"

शेडला लागूनच एक खोली होती. तो भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं चादर बाजूला केली. हात कोपरापर्यंत सुजला होता आणि अंगठ्याच्या मुळापासून एक लाल रेघ दंडाकडे चढत चालली होती. त्यानं डोळे उघडले.

"आलात? मी म्हटलं, तुम्ही मेलेल्यांच्या दारानंच येणार..."

"गप्प बस," ती म्हणाली. ती कधी 'तू'वर आली, तिलाही कळलं नाही.

बापानं गोळ्यांचं पाकीट काढलं. "अजून दोन देतो. या औषधावर माझी सगळी शेड उभी राहिलीय, पोरी. याला पण हेच देऊन बरा केलाय लहानपणी."

"काका, त्याच्या जखमेतले जंतू कोंबड्यांतूनच आलेत, हे औषध ते रोज पितायत. तुमच्या टाकीतून. त्यांना त्याची सवय झालीय. तुम्ही त्याला औषध देत नाही आहात, वेळ घालवताय. आणि वेळ नाहीये."

म्हाताऱ्यानं हातातल्या पाकिटाकडे एकदा पाहिलं. मग त्यानं पाकीट खिशात कोंबलं, मुलाच्या काखेत हात घातला आणि म्हणाला, "तू पाय धर."

इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी आधी कपाळाला आठ्याच घातल्या. आमची तपासणी आम्ही करू, म्हणाल्या. त्याला दोन दिवस लागतील. दक्षतानं फोन त्यांच्यापुढं धरला. ठशाचा फोटो बघून त्यांनी नकारार्थी मान हलवली, पण दुसऱ्या, रीतसर बशीच्या फोटोवर त्यांची नजर थांबली. त्यांनी तो मोठा करून पाहिला, लाल रेघेकडे पाहिलं आणि सिस्टरला हाक मारली. नमुना घेतला गेला, आणि दोन दिवस न थांबता ते राखीव औषध थेंब थेंब त्याच्या शिरेत उतरू लागलं.

त्याला वेगळ्या खोलीत ठेवलं. आत जायचं तर अंगावर निळा गाऊन आणि हातांत मोजे. ती बाहेरच्या बाकावर बसली. शेजारी बाप बसला होता, हात गुडघ्यांत धरून.

"मीच पाजलं का गं हे माझ्या पोराला?" त्यानं विचारलं.

तिला खोटं बोलता आलं असतं. "एकट्या तुम्ही नाही, काका," ती म्हणाली. "पण तुम्हीसुद्धा."

तो बराच वेळ रडला, आवाज न करता. मग फोन काढून त्यानं शेडवरच्या माणसाला सांगितलं, की टाकी रिकामी कर, घासून काढ, साधं पाणी भर. "मेल्या तर मेल्या," तो म्हणाला. आणि पुन्हा, हळू, "मेल्या तर मेल्या."

ते दोन दिवस कसे गेले, ते सांगण्यात अर्थ नाही. ज्याची आपल्या माणसासाठी अशी वाट बघून झालीय त्याला ठाऊक आहे, आणि ज्याची नाही त्याला न कळलेलंच बरं. ताप चढला, उतरला, पुन्हा चढला. डोळे मिटले, की तिला काचेतला तो दाट हात दिसे; बोटं बशीची कड ओलांडून बाहेर येत आणि काहीतरी मागत.

मग एका दुपारी लाल रेघ फिकी झाली. डॉक्टरीणबाईंची तपासणीही आली आणि तिच्या बशीशी तंतोतंत जुळली. तो उशीला टेकून बसला होता. ती गाऊन आणि मोजे चढवून आत गेली.

"तू मला आधी जंतूंवरून ओळखलंस," तो म्हणाला. "इतर मुली आधी घराणं बघतात."

"घराणं तर त्यांचं भारीच निघालं. कुणाला जुमानत नाहीत."

"आणि मी?"

तिनं खिडकीचा पडदा सारला. धुकं होतंच. त्यात गाड्यांचे दिवे उगवत होते आणि विरघळत होते.

"एक सांगू?" ती म्हणाली. "इतकी वर्षं काम केलं, पण चाचणी चुकू दे असं कधी मनात आलं नव्हतं. परवा आलं. बशी उघडताना मी म्हणत होते, माझी चूक होऊ दे... याच्या जखमेतले नसू देत हे... दुसऱ्या कुणाचेही असू देत. इतकी वाईट वागले मी, फक्त तुझ्यासाठी."

त्यानं पट्टी नसलेला हात तिच्यापुढं पसरला. तिनं मोज्यातला हात त्यावर ठेवला. रबराचा बारीक आवाज झाला.

"लग्नानंतरही मोजे घालणार?" त्यानं विचारलं.

"कुणी विचारलंय लग्नाचं?"

"मी. आत्ता. तापात नाही, शुद्धीवर आहे. सिस्टर, ताप बघा हो माझा!"

सिस्टर सलाईन बघायला आलीच होती. तिनं हसत दोघांकडे पाहिलं. "अहो मॅडम, मोजे आमच्यासाठी हो, पट्ट्या बदलताना. तुम्हाला नुसता हात धरायचाय ना? त्याला साबण पुरतो. जाताना नीट हात धुवा, झालं."

दक्षताचे कान लाल झाले. हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? याच गोष्टीवर तिनं कितीतरी जणांना धडे दिले होते. गेले दोन दिवस ती मोज्यांआड कशाला भीत होती, ते तिला आता उमगलं. जंतूंना तर नक्कीच नाही.

तो वाट बघत होता. त्याच्या हातात, बरा होत असलेल्या कातड्याखाली, अजून ते होतेच — थोडे, हट्टी, न दिसणारे. कदाचित तिच्याही हातावर असतील. शेडमध्ये, वाऱ्यात, कुणाच्या ताटात... कुठं कुठं असतील, कुणी सांगावं? तिनं एक मोजा बोटांपासून ओढून काढला. मग दुसरा.

"हो," ती म्हणाली आणि त्याचा हात उघड्या हातानं घट्ट धरला.