हातमोज्याची तीन बोटं

मळक्या कापडाला सुई लावायची नाही, हा थोरलीचा पहिला नियम. गिऱ्हाईक कितीही तालेवार असो, दारात उभं राहून पाय आपटत असो, कपडा आधी धुतला जाणार, मगच त्यावर रफू होणार. मळ आत शिवला की तो तिथं बिऱ्हाड करून राहतो, असं ती म्हणायची. दुसरा नियम, गिऱ्हाइकांचे कपडे आणि घरचे कपडे एका खेपेत धुवायचे नाहीत. हे दोन नियम पाळले तर बाईचं कुणाशी वाकडं नव्हतं. पण ते न पाळणारेच इतके होते, की निम्म्या गल्लीशी तिचं वाकडं होतं.

रफूचं काम बाहेरच्या खोलीत, रस्त्याकडच्या खिडकीखाली चालायचं. मागं स्वयंपाकघर, आणि त्याच्याही मागं, परसदाराकडे जाणाऱ्या बोळकांडीत ते मशीन. गोल काचेच्या तोंडाचं, धुणारं आणि वाळवणारंही. धाकटीनं बढती मिळाल्यावर हौसेनं घेतलं होतं. थोरलीनं आधी त्याला ‘तुझा तो ढेरपोट्या’ म्हणून हिणवलं आणि आठवडाभरात सगळं धुणं त्याच्याच हवाली केलं.

धाकटी म्हणजे तिची सख्खी बहीण. घरात त्या दोघीच. धाकटी चष्म्याच्या दुकानात दिवसभर उभी असायची, आणि त्या उभं राहण्यानं तिच्या घोट्याच्या वर एक जखम झाली होती. मलमं झाली, पट्ट्या झाल्या, डॉक्टर बदलून झाले, जखम काही भरेना. गेल्या वर्षी मात्र ती अचानक भरून आली. आणि नेमकी त्याच सुमाराला थोरलीच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली. गेली म्हणजे होती जागच्या जागी. करंगळी, अनामिका आणि मधलं. पण त्यांत जीव नव्हता. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली, तिला काही कळलं नाही. ‘नसेचं दुखणं आहे,’ डॉक्टर म्हणाले. ‘कुठल्या नसेचं?’ या प्रश्नावर त्यांनी दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

“एकीची पीडा टळली, दुसरीला लागली,” धाकटी एकदा चेष्टेनं म्हणाली होती. थोरलीही हसली होती.

पण हसून भागणारं नव्हतं. रफू करताना सुई धरतात ती अंगठ्यानं आणि तर्जनीनं हे खरं, पण कापडाला ताण देते ती बाकीची तीन बोटं. ताण गेला की रफूला सुरकुती पडते. गिऱ्हाइकं परत येऊन कुजबुजू लागली. धाकटीनं एका सकाळी धीर करून विषय काढला.

“ताई, बंद कर आता. माझ्या पगारात भागतं आपलं.”

“तुझं भागत असेल. माझं नाही भागत.”

“खायला कमी पडतंय का काही?”

“खायचं कोण बोलतंय? सकाळी उठून खिडकीखाली बसायचं आणि दिवसभर रस्ता बघायचा? मी काय कुंडी आहे?”

 धाकटी डबा उचलून कामाला गेली. आणि थोरलीनं हट्टानं त्याच दिवशी गल्लीतल्या वकिलांची पँट घेतली. राखी, बारीक विणीची, गुडघ्याच्या वर सिगारेटनं पडलेलं भोक. बोटं धड असणारेही नको म्हणतील असं काम.

नियमाप्रमाणे तिनं पँट मशीनमध्ये टाकली. धुणं झालं, वाळवण झालं. आजवर भोक आत गेलं तसंच बाहेर यायचं; आज पँट काढून खिडकीशी आणली तर भोक नव्हतं.

आधी तिला वाटलं, आपण दुसरीच पँट घेतली. मग तिनं पँट उलटी केली आणि तर्जनी फिरवली. कापड उलटं केलं की रफू लपत नाही. उभे धागे, आडवे धागे, एकेक वर-खाली काढलेला, आणि शेवटच्या धाग्याचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं बाहेर ठेवून डावीकडे कललेलं. टोक सगळेच ठेवतात, नाहीतर पुढच्या धुण्यात धागा आखडतो. पण डावीकडे कलवायची ती फक्त थोरली. आईनं तिला तसं शिकवलं होतं.

तिनं पँटची मोहरी उलगडली. रफूला धागा बाहेरचा चालत नाही, त्याच कापडाचा लागतो. तो दुमडीतून काढायचा, जिथं कुणाची नजर जात नाही. दुमडीतून धागे काढलेले होते. हवे तेवढेच, एकही जास्त नाही.

दुसरं कुणी असतं तर घाबरलं असतं. थोरलीला राग आला. आपल्या घरात, आपल्या हाताची नक्कल करून, आपल्याला न विचारता कुणी काम उरकावं? वकील पँट घेऊन, वाहवा करून गेले. ती वाहवा तिला घशाखाली उतरली नाही.

पुढं प्रत्येक कपडा तसाच येऊ लागला. शेजारणीचा स्वेटर, घड्याळजीचा कोट. गल्लीत बोलबाला झाला की बाईंचा हात परत आला. धाकटी खूश होती, पण तिचा डोळा तयार होता. दिवसभर लोकांचे डोळेच तपासायची ती.

“ताई, तू सुई कधी धरतेस? मला तर दिसत नाहीस.”

“तू असतेस कुठं घरी?”

“आज सुट्टी आहे. सकाळपासून घरीच आहे मी.”

ताकाला जाऊन भांडं लपवणं थोरलीला कधी जमलंच नव्हतं. तिनं सगळं सांगून टाकलं. धाकटीचा चेहरा उतरला. तिचं म्हणणं एकच, मशीन उद्याच्या उद्या घराबाहेर काढायचं.

“काढीन की,” थोरली म्हणाली. “पण आधी बघू दे, हा माझ्यापेक्षा किती शहाणा आहे ते.”

तिनं घरातली जुनी चादर घेतली आणि मधोमध हाताच्या पंजाएवढा तुकडा कापून काढला. मग चारही बाजूंची दुमड कातरून टाकली. आता धागा काढायला जागाच नव्हती. सोबत एक जुना टॉवेल टाकला, नाहीतर एकटी चादर एका बाजूला गोळा होऊन मशीन धडधडायचं. दोघी बहिणी भर दुपारी बोळकांडीत स्टुलं टाकून काचेसमोर बसल्या. फेस आला, पाणी गेलं, गरम वारा सुरू झाला. काचेतून कापड गोल गोल फिरताना दिसत होतं, बाकी काही नाही.

चादर अखंड बाहेर आली.

थोरलीनं टॉवेल उचलला. त्याच्या मधल्या भागात वीणच उरली नव्हती. नुसते उभे धागे लोंबत होते.

“शेजारच्या कापडाचा धागा घेतला,” ती म्हणाली.

  ती उठून बाहेरच्या खोलीत गेली आणि मेजाच्या खणातून आपला कामाचा हातमोजा काढला. पांढरा, सुती, अर्धा. रफूगारांचा असतो तसा. अंगठा आणि तर्जनी सुईसाठी मोकळी, घामाचा डाग कापडाला लागू नये म्हणून बाकीची तीन बोटं झाकलेली. गेल्या वर्षी घाईगडबडीत एकदा तिनं आपलाच नियम मोडला होता. कामाचा हा मोजा आणि धाकटीच्या जखमेच्या पट्ट्या एकाच खेपेत टाकल्या होत्या. मोजा बाहेर आला तेव्हा तीन बोटं जाळीसारखी विरली होती. जुना झाला, असं म्हणून तिनं तो खणात ढकलला होता.

“पाय दाखव,” ती म्हणाली.

“कशाला?”

“दाखव म्हणते ना.”

धाकटीनं पाय स्टुलावर ठेवला. थोरलीनं खिडकी उघडली, भिंग घेतलं आणि वाकली. घोट्याच्या वरची कातडी गुळगुळीत होती, जराशी उजळ. वरून काही दिसलंच नसतं. पण तिची तर्जनी वरचं बघत नाही. बोटाखाली उभं-आडवं, उभं-आडवं लागत गेलं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढं एक टोक होतं.

डावीकडे कललेलं.

तिनं त्यावर हलकेच नख ठेवलं. वर्षभर मेलेल्या करंगळीत कुणीतरी नख ठेवलं.

धाकटीनं बहिणीचं तोंड पाहिलं आणि तिला न सांगता कळलं. “तुझं आहे ते?”

“हं.”

“ओढलं तर तुला परत मिळेल?”

“मिळेलही.”

“आणि माझी जखम?”

 थोरलीच्या बोटात नखाचा तो दाब अजून होता. इतक्या दिवसांनी स्वतःची करंगळी. तिला रडू फुटलं, आणि रडू फुटल्याचा आणखी राग आला. अंगठा आणि तर्जनी त्या टोकाच्या दोन्ही बाजूंना होती. ओढायला कितीसा वेळ लागतो?

“ओढ ताई,” धाकटी म्हणाली. “तुझी विद्या आहे त्या हातात. मी पट्ट्या बांधीन परत. सवय आहे मला.”

“गप्प बस.”

“मी खरंच सांगते.”

“मीही खरंच सांगते. त्यानं चोरून नेलं, म्हणून माझा जीव जळत होता. आता मी देते. मी दिलं म्हणजे चोरी राहिली नाही.” तिनं हात मागं घेतला. “पायमोजा घाल. गार लागतंय मला.”

जुनी मशीनं घेणारा संध्याकाळच्या आत टेम्पो घेऊन आला. त्यानं ढोल फिरवून पाहिला, कान लावला. इतकं चांगलं मशीन का विकताय, असं त्यानं विचारलं. “मला घरात माझ्याशिवाय कारागीर नको,” थोरली म्हणाली. कुणाला देऊ नका, मोडून टाका, असं तिनं पुन्हा पुन्हा बजावलं आणि त्यानं मान हलवली. पण चालू मशीन कुणी मोडतं का?

दुसऱ्या दिवशी तिनं सुई डाव्या हातात घेतली. साठीला टेकलेली बाई नेढ्यात धागा ओवायला शिकायला लागली. पहिले टाके पाहून तिचं तिलाच हसू आलं; आईनं पाठीत धपाटा घातला असता. कपडे ती बादलीत धुवायची, कापड चौकटीवर ताणायची, धाग्याचं टोक उजवीकडे कलवायची. डावीकडचं टोक तिनं सोडून दिलं होतं. गिऱ्हाइकं कमी झाली, पण खिडकीखालची खुर्ची रिकामी राहिली नाही.

करंगळीची तिला सवय झाली. धाकटी ओल्या फरशीवरून अनवाणी गेली की करंगळीला गारवा लागायचा. ‘चपला घाल,’ थोरली आतल्या खोलीकडे न बघताच ओरडायची. दोघींना त्याचं आता हसू यायचं.

बाकीच्या दोन बोटांचं मात्र तिनं धाकटीला सांगितलं नाही.

एके दुपारी अनामिकेला कोमट पाणी लागलं. पाणी गोल फिरत होतं. मग वारा आला, गरम. आणि मग मधल्या बोटाला कापडाचा ताण जाणवला.

धाकटी कामावर गेली होती. घरात कुणी नव्हतं.

थोरलीनं दात-ओठ खाल्ले आणि डाव्या हातानं आपलं काम चालू ठेवलं. तिनं टाका घातला. एका टाक्याच्या अंतरानं मधल्या बोटातही टाका पडला. ती थांबली. एक टाका उशिरा तेही थांबलं.

“बघून करतोस होय, ढेरपोट्या,” ती म्हणाली. “मग हे बघ.”

आणि तिनं मुद्दाम एक टाका चुकवला. आडवा धागा सरळ तीन धाग्यांवरून नेला आणि ओढून घट्ट केला.

मधल्या बोटात तीच चूक झाली. घट्ट.

थोरली पोटभर हसली. शाबास, आता होऊ दे तुझी फजिती, मोडतील गिऱ्हाइकं तुझ्या नावानं बोटं. तिनं दुसरा चुकीचा टाका घालायला सुई उचलली, आणि करंगळीला गार लागलं. दुकानातल्या फरशीवर धाकटीनं चप्पल काढली असावी.

थोरलीची सुई वरच राहिली. तिकडे ते कापडच शिवतंय, हे कशावरून?

तिनं घाईघाईनं आपला चुकलेला टाका उसवला. नीट, धागा न तुटू देता. मग उजवा हात मांडीवर ठेवून वाट पाहिली.

मधल्या बोटात काही उसवलं नाही. एकच आखडलेला ताण होता, आणि त्याच्याखाली काहीतरी मऊ, कातडीसारखं, धपापत होतं.