सैल बांधलेला पट्टा

शहाऐंशी सालचे कापसाचे दिवस. पाथरीहून सेलूला येणाऱ्या एसटीत मनकर्णा डावा पाय वाटेत लांब करून बसली होती, आणि त्या पायाला अडखळून एक उंच तरुण तिच्यासमोरच कोलमडला. भांडायला त्यानं तोंड उघडलं खरं... पण गुडघ्यावरचं बँडेज दिसलं आणि राग कुठल्या कुठं गेला.

"खो-खोच्या फायनलला खांबापाशी पडलात त्या तुमीच ना?" त्यानं विचारलं. "मी होतो मैदानावर."

"म्हणजे मी पडल्यावर टाळ्या वाजवल्या असतील."

"टाळ्या कशाच्या... त्या रात्री जेवण बी गेलं न्हाई."

मनकर्णानं घाईनं खिडकीकडं तोंड फिरवलं. हसू लपवायला दुसरी जागाच नव्हती.

त्याचं नाव रंगनाथ. सेलूच्या एका शाळेत तो नुकताच व्यायामशिक्षक म्हणून लागला होता. पतियाळाच्या क्रीडा संस्थेत शिकताना एका जपानी पाहुण्यानं त्याला एक रीत दाखवली होती. मांडीच्या वरच्या टोकाला रुंद पट्टा आवळायचा, म्हणजे रक्त परतताना जरा अडतं आणि घोट्याला बांधलेली वाळूची छोटी पिशवी उचलतानाही मांडीची दमछाक होते. दुखऱ्या गुडघ्यावर भार नाही, वाळलेली मांडी मात्र भरत जाते. एसटीतच त्यानं ती मनकर्णाला सांगितली. तिचे डॉक्टर म्हणाले, "करून बघा, पण डोळ्यांत तेल घालून." मनकर्णाला संक्रांतीनंतर सिकंदराबादला रेल्वेच्या महिला संघाच्या निवडीला जायचं होतं. निवड झाली तर नोकरी आणि खेळ दोन्ही. नाही झाली तर घरचे स्थळं बघायला टपलेलेच होते.

रंगनाथ रोज संध्याकाळी तिच्या घरी येऊ लागला. सायकलच्या ट्यूबला कापड शिवून केलेला पट्टा ती आतल्या खोलीत जाऊन, शाईच्या खुणेपर्यंत ओढून, स्वतःच बांधायची. मग ओसरीवर खुर्चीत बसून पाय उचलायचा. शेजारी तिची बायनाबाई आत्या तूर निवडत पहाऱ्याला. रंगनाथ समोर स्टुलावर बसे आणि मधूनमधून एका बोटानं तिच्या अंगठ्याचं नख दाबून बघे. पांढरं पडलेलं नख पुन्हा गुलाबी झालं की पट्टा ठीक. अख्ख्या दिवसातला तेवढाच स्पर्श, आणि मनकर्णा सकाळपासून त्याची वाट बघायची.

"मास्तर, कदी तोंडाकडं बी बघत जा की."

"तोंडाकडं बघितलं की माझी मोजणी चुकती."

"मग चुकू द्या..."

"मने," आत्या सुपातून नजर न काढता म्हणायची, "तोंड कमी चालव, पाय चालव."

जिनिंगच्या रस्त्यानं येताना त्याच्या केसांत कापसाचे तंतू अडकत. ते काढायला तिचे हात शिवशिवायचे. बिचारी हात मांडीखाली दाबून बसायची.

मांडी भरू लागली. मनकर्णा जिना चढली, अंगणात हळूहळू धावलीसुद्धा. घरात आनंद, आणि तिचा मात्र जीव खालीवर. पाय बरा झाल्यावर हा येणार कशाला? एका संध्याकाळी तिनं पट्टा खुणेच्या अलीकडंच बांधला. दुसऱ्या दिवशीही तसंच. शिवाय पाय उचलताना ओठ चावून दमल्याचं सोंग. मांडी भरायची थांबली. रंगनाथ काहीच बोलला नाही.

संक्रांत तोंडावर आली. आत्या चहा टाकायला आत गेली तशी तो हळूच म्हणाला, "पट्टा सैल बांधता तुमी."

वाळूची पिशवी जागच्या जागी थांबली. "कोण म्हणतं?"

"घाम न्हाई, धाप न्हाई... तोंड तेवढं वाकडं. सोंग लय वाईट करता."

"कदी कळलं?"

"पहिल्याच दिवशी."

"मग बोलला का न्हाईत?"

मग पहिल्यांदाच त्यानं तिच्या तोंडाकडं नीट पाहिलं. "बोललो असतो तर तुमी बऱ्या झाल्या असता. मला रोज इथं यायचं होतं... तुमचा पाय मीच अडवला, मनकर्णा. लय लाज वाटायलीय."

हेच ऐकायला ती आसुसली होती.

"मला बी तुमी रोज यायला पायजे होतात," ती म्हणाली. "पाय बरा झाल्यावर बी. तुमी आवडता मला, मास्तर."

"आन सिकंदराबाद?"

"...ते बी पायजे."

"मग उठा."

ती आत गेली. पट्टा जितका ओढू तितका आपलाच जाण्याचा दिवस जवळ ओढतोय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिनं तो खुणेपर्यंत ओढला. बाहेर येऊन पाय उचलायला लागली तेव्हा खरा घाम फुटला, धाप लागली, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

आत्या चहा घेऊन आली. "अगं बाई, रडायलीस का? मास्तर, लय आवळलं का हिला?"

"न्हाई आत्या, आज बरोबर बांधलंय."

आत्या साखर आणायला वळली. मनकर्णानं पाय खाली न टेकवता विचारलं, "मी गेल्यावर... वाट बघाल?"

"गेल्यावर कशाला," रंगनाथ म्हणाला, "आत्तापासूनच बघायलोय."