निळ्या कापडापुढचा मोर्चा

"ओ मॅडम... जरा बाजूला व्हा ना. नवरदेव झाकला जातोय."

हर्षालीनं वळून पाहिलं. खांद्यावर कॅमेरा घेतलेला एक तरुण वरातीपुढं उलट्या पावलांनी चालत होता. मागं दोनशे माणसं बँडवर नाचत होती. आणि समोरच्या फुटपाथवरून, सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरनं हर्षालीनं मोर्चाला आणलेल्या चाळीस बायकांना पोलिसांनी नुकतंच टेम्पोत बसवून परत पाठवलं होतं. शहरात जमावबंदी होती. पाच माणसं एकत्र दिसली की गुन्हा.

"हा जमाव नाही वाटतं?" ती फणकारली.

"लग्नाला सूट आहे. तुमच्यात कुणाचं ठरलंय का? मोर्चाची वरात करून देतो."

"मस्करी सुचतेय! पाड्यावरचं रेशन दुकान दसऱ्यापासून बंद आहे. धान्य नाही, रॉकेल नाही. बंदी संपत आली की पुन्हा वाढते. बायकांनी बोलायचं कधी?"

त्यानं कॅमेरा खाली घेतला. तिच्याकडं नीट पाहिलं. नवरदेव पुढं निघून गेला, तरी तो पाहतच होता.

"चार-चार जणींनी माझ्याकडं यायला तर बंदी नाही ना?" तो म्हणाला. "मोर्चा मी काढतो."

त्याचं नाव निवृत्ती गांगुर्डे. इंदिरानगरात त्याचा लग्नाच्या व्हिडिओचा स्टुडिओ होता. भिंतीवर एक हिरवं कापड. त्याच्यापुढं माणसाला उभं करायचं, मग कॉम्प्युटर कापड पुसून टाकणार आणि मागं हवं ते चित्र लावणार.

"या कापडापुढं मी सिडकोतली जोडपी काश्मीरला फिरवून आणलीत," तो ऐटीत म्हणाला. "कलेक्टर कचेरीचा रस्ता काय, दहा मिनिटांवर आहे."

पहिल्या चौघी एस.टी.नं आल्या. पुढारी साळूबाई. फोटोला जायचं म्हणून तिनं सगळ्यांना ठेवणीतली हिरवी लुगडी नेसायला लावली होती. चौघींनी हात उंचावून घोषणा दिल्या. निवृत्तीनं पडद्यावर चित्र लावलं आणि डोक्याला हात लावला. कापडाबरोबर लुगडीही पुसली गेली होती. रिकाम्या रस्त्यावर चार डोकी आणि आठ हात तरंगत होते.

"आगं बाय! माझं लुगडं कुठं गेलं?" साळूबाई ओरडली. मग अशी हसत सुटली की बाकीच्या तिघी जमिनीवरच बसल्या.

मंडपवाल्याकडून निळं कापड आलं. पहिल्या चौघी पुन्हा, आणि मग पुढच्या सगळ्या चौकड्या त्याच्यापुढं उभ्या राहिल्या. शेवटी निवृत्ती म्हणाला, "आता तुम्ही."

"मी कशाला?"

"मोर्चात चालणार नाही? चला... जागच्या जागी पावलं टाका. आणि कॅमेऱ्याकडं बघा हं. माझ्याकडं नाही."

"कॅमेरा तुम्ही डोळ्यालाच लावलाय," ती म्हणाली.

त्यानं कॅमेरा आणखीच डोळ्याशी धरला. कान मात्र लाल झाले.

तयार फीत निवृत्तीनं शहरातल्या केबलवाल्याकडं नेली. केबलवाला आधी कचरला. पण घोषणा देणाऱ्या बायका त्यानं दोनदा पाहिल्या आणि म्हणाला, "लाव. संध्याकाळच्या बातम्यांच्या आधी."

हर्षाली घरमालकीण सिंधुबाईंच्या टीव्हीसमोर बसली. हे कुणी पाहिलंच नाही तर पाड्यावर काय सांगायचं? चित्र सुरू झालं. साळूबाई पुढं, मागं बाकीच्या सगळ्या, रस्ता भरून. लग्नाच्या सॉफ्टवेअरमधल्या गुलाबपाकळ्या कुठूनशा एकदा पडून गेल्या. मग ती स्वतः दिसली... आणि तिच्या शेजारी, मूठ वर करून, निवृत्ती.

"हा कोण गं?" सिंधुबाईंनी डोळे बारीक केले. "आणि असा अधांतरी का चालतोय?"

हर्षाली टीव्हीच्या आणखी जवळ सरकली.

दुसऱ्या दिवशी फौजदार स्टुडिओत आले. मोर्चा कुठून कुठं गेला, कधी जमला, त्यांनी विचारलं. "कुठंच गेला नाही साहेब, जमलाही नाही," निवृत्ती म्हणाला. साहेबांनी ती फीत पुन्हा पाहिली, पाकळ्यांपाशी मिशीत हसले आणि चहा पिऊन गेले. पण बाकी शहरानंही मोर्चा पाहिला होता. कचेरीतले फोन वाजत राहिले. आठवड्याच्या आत साळूबाईसह चौघींना बोलावणं आलं, आणि दुकान उघडायचा दिवस ठरला.

हे सांगायला हर्षाली स्टुडिओत गेली. सांगून झालं.

"मला न विचारता शेजारी आलात," ती म्हणाली.

"तीनदा काढून टाकलं स्वतःला. पण तुमच्या शेजारची जागा... रिकामी बघवेना." तो कॅमेऱ्याची पट्टी उगाच गुंडाळत होता. "तोंडानं सांगायला जमलं नसतं."

"तुमचे पाय जमिनीला टेकले नव्हते."

"या कॉम्प्युटरवर जमलंच नाही. आणि खरं सांगू? वरातीच्या दिवसापासून तसंच आहे."

ती हसली. अगदी मोकळं.

"उद्या धान्याचा ट्रक पाड्याच्या पायथ्याशी पोचतोय. शेवटची चढण पायीच आहे... खडीची, घामाची. येता?"

"येतो की! कॅमेरा घेऊ?"

"नको," हर्षाली म्हणाली. "हात मोकळे ठेव."