जागा न सोडणारी

ती जिन्याच्या वळणावर कानाला फोन लावून उभी होती. चेहरा असा, की कुणीतरी नुकतंच वारलं असावं. त्यामुळे घाईघाईने वर येणारा तरुण दोन पायऱ्या खालीच थबकला.

"काही… वाईट बातमी आहे का?"

"नाही. वीज कंपनी आहे."

"वीज गेलीय?"

"छे! मला ताटकळत ठेवलंय. तीच ती धून वाजतेय कधीची." तिने डोळे मिटले. "काय सुंदर ताटकळत ठेवतात हो!"

वरच्या मजल्यावर इंग्रजी शब्दांना आपल्या भाषेत आणणारा कोश तयार होत होता, आणि तिच्या वाट्याला 'होल्ड' हे क्रियापद आलं होतं. फोनवर ताटकळत ठेवणे हा त्याचा एक अर्थ. स्वतः न भोगलेला अर्थ लिहायचा नाही, असा तिचा बाणा होता. खुनाशी संबंधित शब्द सुदैवाने दुसऱ्याकडे होते.

"हात अवघडला असेल तुमचा. मी धरू का थोडा वेळ?"

तिने फोन दिला. बोटांना बोटं लागली – दोघांनीही ते लक्षात न आल्यासारखं केलं, म्हणजे दोघांच्याही नीट लक्षात आलं. नेमका तेव्हाच पलीकडून आवाज आला, "बोला, काय मदत करू?"

तो गडबडला. "काही नाही… म्हणजे… तुम्ही परत ताटकळत ठेवता का, प्लीज?"

ती इतकी हसली, की वरून कुणीतरी दार उघडून पाहिलं. ते मुख्य संपादक होते. म्हणजे तिचे सख्खे मामा.

"या, या! तुमचीच वाट बघत होतो," मामा म्हणाले. तिला नाही, त्याला.

तो छापखान्यातून आलेला, पानं लावणारा. खिशात कायम स्टीलची पट्टी, म्हणून दुपारपर्यंत त्याचं नाव 'फुटपट्टी' पडलं. भाचीचं दोन पानी 'होल्ड' एका पानात बसवायला मामांनी त्याला बोलावलं होतं, हेही तिला दुपारीच कळलं.

"एवढे अर्थ?" तिच्या टेबलाशी वाकून त्याने विचारलं. "क्रियापद आहे की धर्मशाळा?"

"इंग्रज एकाच शब्दात श्वास रोखतो, सभा भरवतो, पद भूषवतो आणि कैदीही डांबतो. त्याची बाकीची क्रियापदं रजेवर असतात. त्याला मी काय करू?"

"आपणही काही कमी नाही. राग धरतो, बाळसं धरतो, रस्ता धरतो…" तो जरा थांबला. "काहीजण नुसताच हट्ट धरतात."

"आणि काहीजण फुटपट्टी."

त्याने हातातली पट्टी निमूटपणे खिशात ठेवली. तिला उगीचच बरं वाटलं… आणि बरं वाटल्याचा रागही आला.

संध्याकाळी मामांनी फर्मान काढलं. "निम्मे अर्थ उडव. नाहीतर नोंद मी दुसऱ्याला देतो, आणि तू तळघरात बसून संक्षेपांची यादी लाव. तुझ्या आईशी बोललोय मी."

"आई काय म्हणाली?"

"म्हणाली, मामाचं ऐक."

"ती लहानपणापासून हेच म्हणतेय. सगळ्या अर्थांची 'करून दाखवा' घ्या, मामा. एक जरी अर्थ नापास झाला, तर मी स्वतः कात्री चालवते आणि तळघरात जाते. सगळे पास झाले, तर दोन पानं द्यायची."

"ऑफिसात सर म्हण," मामा म्हणाले. पण अडकले. 'करून दाखवा' हा नियम त्यांचाच होता. बैठकीत व्याख्या मोठ्याने वाचायची. ती आधी न ऐकलेल्या माणसाने ऐकल्याबरहुकूम कृती करायची. जमली, तर व्याख्या पास. मामांनी करणारा निवडला – फुटपट्टी. "नापास केलंत, तर तुमचंच काम हलकं," त्यांनी त्याच्या कानात सांगितलं. मामांचं कानातलं बोलणं मजलाभर ऐकू जाई.

दुसऱ्या दिवशी तिने एकेक व्याख्या वाचायला घेतली. त्याने मनात आणलं असतं, तर पहिल्याच अर्थाला ती तळघरात गेली असती.

श्वास रोखणे. तो वांग्यासारखा जांभळा होईपर्यंत थांबला, शेवटी तीच ओरडली, "पुरे!" मावणे. त्याने मामांच्या पेल्यात काठोकाठ पाणी ओतलं, थेंब सांडला नाही. मत बाळगणे.

"माझं मत आहे," तो तिच्याकडे बघत म्हणाला, "की काही नोंदींना जास्त जागा लागते."

मामांनी चष्मा पुसला. एकामागून एक अर्थ पास होत गेले, आणि शेवटचा राहिला.

"समोरच्याने कितीही दटावलं तरी… जागा न सोडणे."

मामा हसले. "बरं, उठा. बैठक संपली."

तो उठला नाही.

"अहो, उठा म्हणतोय. छापखान्यात जा."

त्याने खुर्चीचे हात घट्ट धरले.

"तुमच्या मालकाला फोन करतो. उद्यापासून दुसरं काम शोधा!"

"शोधीन, साहेब. इथेच बसून."

मामा तिच्याकडे वळले. "तू तरी चल घरी. ताईला काय सांगू मी?"

ती उठली. मामांचा चेहरा उजळला. ती टेबलाला वळसा घालून गेली आणि फुटपट्टीशेजारच्या खुर्चीत बसली.

"सांगा, दोघांनीही जागा सोडली नाही."

मामांनी पिशवी उचलली. दारापर्यंत गेले, थांबले. "दोन पानं. वर एक ओळ नाही. जाताना पंखा बंद करा."

पावलं जिन्यावरून उतरत गेली. खाली फाटक वाजलं. पंखा घरघरत होता.

"गेले मामा. आता उठलात तरी चालेल," ती हळूच म्हणाली.

"चाचणी मघाशीच संपली. मी माझ्यासाठी बसलोय." त्याने पट्टी काढली, उगीच फिरवली, परत ठेवली. "मला तुम्ही… म्हणजे, जिन्यापासूनच… उत्तराची घाई नाही हो. ताटकळत ठेवलंत तरी चालेल. फक्त ती धून नको."

तिने त्याच्या हाताची खुर्चीवरची घट्ट पकड एकेक बोट करून सोडवली, आणि तो हात आपल्या हातात घेतला.

"लाइन लागलीय," ती म्हणाली. "बोल."