ओवाळायचं कुणी

अनंतरावांचा शेवटचा साधासुधा दिवस मुलुंडच्या मासळीबाजारात सुरू झाला. पिशवी त्यांच्या हातात आणि घासाघीस लेकीच्या तोंडात, ही बापलेकीची जुनी वाटणी. पाटीत एकच हलवा उरला होता. उत्तराने त्यावर बोट ठेवलं… आणि पलीकडूनही एक बोट आलं.

“मी आधी ठेवलं,” ती म्हणाली.

“मी मघापासून बघतोय त्याच्याकडे.”

“नुसतं बघत बसलं की असंच जातं हातचं.”

तो हसला. रापलेला चेहरा, बारीक कापलेले केस. अनंतरावांनी ओळखलं – बी विंगमधला सिद्धेश, नौदलातला, सुट्टीवर आलेला.

“समुद्रावर राहता आणि मासे मुलुंडला येऊन घेता?” उत्तराने विचारलं.

“तिकडे आम्हाला दुसरंच काही पकडायला पाठवतात.”

“सापडतं?”

“सुट्टीत नशीब जरा बरं असतं,” तो म्हणाला आणि थेट तिच्याकडे बघत राहिला. अनंतराव उगाच कोलंबी निरखू लागले.

हलवा अखेर त्यांच्याच घरी शिजला आणि सिद्धेशही तिथेच जेवला. त्याची आई तो लहान असतानाच गेलेली. उत्तराच्या आईने, वसुधाताईंनी, तिसऱ्यांदा कढी वाढली, तेव्हा तो मान खाली घालून जेवत राहिला. ते बघून त्या म्हणाल्या, “नोकरी संपवून कायमचा येशील ना, तेव्हा गेटवर मी ओवाळीन तुला. आईच्या जागी.”

दुसऱ्या दिवशी पहाटे अनंतराव झोपेतच गेले.

सिद्धेशने खांदा दिला. संध्याकाळी दारात खिचडीचं पातेलं घेऊन उभा राहिला. मग तो जहाजावर गेला आणि रेंज मिळेल तेव्हा उत्तराला त्याचा मेसेज येऊ लागला – ‘जेवलीस?’ ती लिहायची, ‘हो. तू?’ वडिलांवाचून रिकामं झालेलं ते वर्ष तिने या एका प्रश्नावर काढलं. त्यापुढे दोघंही गेली नाहीत. बापाची चिता अजून डोळ्यांपुढे असताना कुणी आवडावं, याचीच तिला चोरी वाटायची.

आणि आता तो कायमचा येत होता.

सोसायटीने ढोलपथक ठरवलं, गेटवर फ्लेक्स लावला. त्यात कमिटीचे सगळे चेहरे परातीएवढे आणि ज्याचं स्वागत, तो सिद्धेश कोपऱ्यात बटणाएवढा. उत्तराने ते हसून सोडून दिलं. पण आदल्या दिवशी सेक्रेटरी चंद्रप्रकाशकाका घरी आले.

“वहिनी, कोंबडीवडे मात्र तुमच्याच हातचे हं. सगळ्या सोसायटीपुरते. आणि ते ओवाळण्याचं… तुम्ही वरूनच बघा. शुभ प्रसंग आहे. उत्तरा ओवाळेल, बहीण म्हणून.”

वसुधाताई पदराशी चाळा करत “बरं” म्हणाल्या.

काका गेल्यावर उत्तरा उसळली. “आई, तू बरं का म्हणालीस?”

“जाऊ दे गो. माणसांत राहायचं आपल्याला.”

“तुझे वडे शुभ आणि तूच तेवढी नको?”

आईने पीठ मळायला घेतलं. उत्तरा त्या पाठमोऱ्या, वाकलेल्या खांद्यांकडे बघत राहिली. वडील गेले तेव्हाही याच सोसायटीने आईला आधी बांगड्यांचं विचारलं होतं, मग जेवणाचं. तेव्हा ती रडण्यात होती. आता नव्हती.

रविवारी सकाळी ढोल वाजले. सिद्धेश पाठीवर सॅक घेऊन गेटशी आला, गळ्यात हार पडले. त्याची नजर गर्दीतून फिरत कुणालातरी शोधत होती… उत्तरावर आली, थबकली, मग तिच्या मागे गेली. जिन्याच्या दाराशी वड्यांच्या टोपल्याआड वसुधाताई उभ्या होत्या.

“आपल्या सिद्धेशची बहीण उत्तरा आता त्याला ओवाळेल,” काकांनी माइकवर पुकारलं. कमिटीतल्या दीप्तीवहिनींनी तिच्या हातात ताट दिलं.

उत्तरा वळली. गर्दीतून वाट काढत जिन्यापाशी गेली आणि ताट आईपुढे धरलं.

“अगं, असं काय करतेस?” काका घाईने मागे आले. “विधवा बाईने…”

“काका, काल दिवसभर ह्याच हातांनी तुमचे वडे थापले. तेव्हा काही वाटलं नाही ना?” तिचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच ढोलवाले थांबले. “तिचा नवरा गेला. तिने काही चोरी केली नाही. तिच्या हातचं चालत नसेल, तर वडेही आम्ही घरी नेतो.”

सिद्धेश सॅक उतरवून जिन्यापाशी आला आणि वसुधाताईंपुढे वाकून उभा राहिला.

“काकी, लवकर. भूक लागलीय.”

वसुधाताईंनी ताट घेतलं. कुंकू नेमकं त्याच्या कपाळाच्या मध्यावर लागलं. निरांजन फिरलं. दीप्तीवहिनींनी पहिली टाळी वाजवली, मग कुणीकुणी.

काकांना आता काहीतरी सावरायला हवं होतं. “बरं, झालं ते झालं. पण उत्तरा, बहिणीचा मान तुझा. तूही ओवाळ बघू.”

सिद्धेशच्या चेहऱ्यावरचं हसू मावळलं. उत्तराने ते पाहिलं. वर्षभर गिळलेला शब्द तिच्या ओठांशी येऊन उभा राहिला… आणि या वेळी तिने तो परत लोटला नाही.

“नाही ओवाळणार,” ती म्हणाली.

“आता आणखी काय झालं?”

“भाऊबीजेला ओवाळायला तो माझा भाऊ नाही, काका. त्याची इच्छा असेल, तर मी पाडव्याला ओवाळीन. दर वर्षी.” मग ती सिद्धेशकडे वळली. “बघत काय राहिलास? आवडतोस तू मला.”